छायाचित्रातील जागा

१९८६ साली, दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी, मी पोटदुखीचे निमित्त करून वसतिगृहात पडून राहिलो होतो. खरे कारण बारा रुपयांचे होते. वर्गाच्या सामूहिक छायाचित्राच्या प्रतीसाठी तेवढे भरावयाचे होते. आईच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी ती रक्कम मागण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते. पैसे न भरणाऱ्याने उभे राहू नये, असे कोणी म्हटले नव्हते. परंतु फुकट उभे राहण्याची लाज वाटली.

पुढे इतिहासात एम. ए. करताना ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या संग्रहाची ओळख झाली. इंग्रज सरकारने तो १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केला. त्यात माणसे जाती-जमातींचे नमुने म्हणून उभी केलेली आहेत. चेहरा आहे, पण बहुतेकांचे नाव नाही. आपल्या चेहऱ्याखाली आपले नाव असणे ही चैन नव्हे, हे तेव्हा उमगले.

आपल्या विद्यालयात रुजू झाल्यावर दहावीच्या छायाचित्रांचे काम मी मागून घेतले. प्रतीमागे दर, त्यावर लॅमिनेशन आणि फ्रेम, यांनी खर्च फुगतो. म्हणून आम्ही छायाचित्रकाराशी संपूर्ण कामाचा एकच दर ठरवितो. बोर्डाच्या अर्जासाठी पासपोर्ट आकाराचे छायाचित्र काढावेच लागते. त्याच सकाळी, त्याच गणवेशात, इमारतीच्या सावलीत एकेकाचे आणि वर्गाचेही काढून होते. मूळ फाइल शाळेकडे राहते. पोस्टकार्ड आकाराची एक प्रत प्रत्येकाला मिळते. फ्रेम हवी त्याने पुढे सवडीने करावी. वर्गणी बंद पेटीत टाकावयाची. कमी पडले तर आम्ही शिक्षक भर घालतो.

तीन वर्षांपूर्वी त्या सकाळी एक मुलगा दिसेना. तो पोट दुखते म्हणून झोपून होता. मी जवळ बसून एवढेच म्हणालो, “बाळा, माझ्याकडे पैशांची यादी नाही, नावांची आहे.” थोड्या वेळाने शर्टाची बटणे लावीत तो आला आणि मधल्या रांगेत उभा राहिला.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्याकडील जुन्या छायाचित्रांच्या मागे सर्वांची नावे रांगेप्रमाणे लिहून ठेवा. जे त्या दिवशी नव्हते, त्यांचीही लिहा. माझ्या एका वर्गमित्राने गेल्या वर्षी त्याच्या प्रतीमागे तसे केले. शेवटचे नाव माझे आहे.