दोन सायकली, एक वाडी

वयाच्या 57 व्या वर्षी गृहस्थाने सायकलीवरून घाट चढावेत, ही कल्पना आमच्या घरात कुणालाच पसंत नव्हती. सौभाग्यवतींनी तर सरळ विचारले, "श्रीवर्धनला एस.टी. जात नाही का?" एस.टी. जाते. चांगली जाते. पण पुण्याहून दादाचा फोन आला होता, "यायचं तर सायकलने ये, नाहीतर मी एकटा जातो." आणि दादाचा शब्द मोडायची सवय मला या वयापर्यंत लागलेली नाही. निदान उघडपणे तरी नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, भिशीत रमतात. यांनी सायकल धरली. माझी सायकल म्हणजे चिरंजीवांनी 2020 च्या टाळेबंदीत हौसेने घेतलेली आणि पुढे डोंबिवलीच्या गॅलरीत कपडे वाळत घालण्याच्या कामी आलेली. तिला एकवीस गेअर आहेत. त्यातला कोणता कशासाठी, हे मला अजून कळलेले नाही.

आता सहलीचे खरे कारण सांगतो. श्रीवर्धनला आमची वडिलोपार्जित वाडी आहे, पंधरा गुंठ्यांची. नारळी आणि त्यांच्या सावलीत पोफळी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले आणि एका दुपारात वाडी आडवी झाली. शेजारच्या वाड्याही तशाच. पडलेल्या पोफळी उचलायला माणसे मिळेनात. मुंबईचे एक गिऱ्हाईक जागेवर पर्यटकांसाठी खोल्या बांधू म्हणत होते आणि भाव बरा देत होते. चिरंजीवांच्या घराचे हप्ते डोक्यावर होते. मी म्हटले, विकून टाकू. दादा हो म्हणेना, नाही म्हणेना. "तिथे जाऊन बघू," एवढेच.

त्याला ठाऊक नव्हते ते असे, की मी त्या गिऱ्हाइकाकडून दोन लाख रुपये इसार घेऊन बसलो होतो.

जानेवारीच्या एका पहाटे भाऊच्या धक्क्यावर आम्ही भेटलो. मोटारी वाहून नेणारी मोठी बोट 2020 पासून मांडव्याला जाते. तिच्या पोटात आमच्या सायकली कठड्याला बांधून उभ्या राहिल्या. दादाने हत्यारांची पिशवी माझ्या कॅरिअरला बांधली. "पंप तुझ्याकडे. तू मागे असणार. मागच्याजवळ पंप असला, की पुढचा अडला तरी मागचा येऊन पोचतो." मी मागे असणार हे त्याने गृहीतच धरले होते. मला जरा राग आला. तो मांडव्यापासून अलिबागेपर्यंत टिकला; पुढे रागवायला दम उरला नाही.

रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळावला उतरले, की रस्ता समुद्राला धरून डोंगराच्या कडेने जातो. मोटारीतून जाताना हे चढ चढ आहेत असे कुणाला वाटतही नाही. सायकलीवर मात्र पायांना सारे समजते. काशीदच्या आधी मी तीनदा उतरलो. प्रत्येक वळणावर दादा थांबलेला असे. पण माझ्यासाठी थांबलाय असे दाखवायचा नाही. कधी टायर चाचपून बघायचा, कधी झाडाकडे. मी धापा टाकीत पोचलो, की म्हणायचा, "हा ऐनच ना रे?" ऐन त्याला माझ्यापेक्षा चांगला ओळखता येतो.

मला सायकल त्यानेच शिकवली. श्रीवर्धनच्या पाखाडीत, वडिलांच्या उंच काळ्या सायकलीवर, कैची मारून. तो कॅरिअर धरून मागे धावायचा. एक दिवस मी मागे वळून पाहिले तर तो लांब उभा होता आणि सायकल माझी मी चालवीत होतो. लगेच पडलो, ती गोष्ट वेगळी.

मुरूडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला पाण्यात जंजिरा दिसत राहिला. आगरदांड्याला जंगारवर सायकली चढवल्या, खाडी ओलांडून दिघीला उतरलो. बोर्ली पंचतन, दिवेआगर, शेखाडी, आरावी. त्या किनाऱ्याचे वर्णन करण्याचा मोह आवरतो, कारण माझे लक्ष समुद्राकडे नव्हतेच. हा इसाराचा विषय काढायचा कुठे, एवढेच मी प्रत्येक चढावर ठरवीत होतो. आणि उतार लागला की बेत वाऱ्यावर जात होता.

वाडीत शिरलो तेव्हा ऊन कलले होते. बेड्याच्या आत ओसाड रान असेल अशी माझी समजूत. पाहतो तो केळी लावलेल्या, आणि केळींच्या सावलीत ओळीने पोफळीची रोपे. काही गुडघ्याएवढी, काही माझ्या डोक्याच्या वर गेलेली. पाटाला ओल होती. शेजारच्या म्हातारबुवांना पाणी लावायचे पैसे दादा देत होता म्हणे.

"कधी लावलीस?"

"2021 पासून. दर पावसाळ्यात येतो. वहिनीला तुझ्या ठाऊक आहे, मीच म्हटलं बोलू नकोस."

पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे तरी जातात. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने ती लावावी, तेही भावाने जागा विकायला काढली असताना! मी काही बोललो नाही. दादाने जुन्या झाडांच्या बियांतून रोपे केली होती. श्रीवर्धनची रोठा सुपारी, मोठी आणि आतून पांढरी. एकेका रोपाची हकीकत तो सांगत होता. तेवढ्यात खिशात फोन वाजला. गिऱ्हाईक. मी वाडीच्या टोकाला जाऊन सांगितले, आवाज नीट येत नाही. आवाज स्वच्छ येत होता.

त्या रात्री, आणि पुढचा पुरा दिवस तिथेच राहूनही, कागदाचा विषय दोघांनीही काढला नाही.

परतीची वाट दादाने वेगळी आखली होती. म्हसळे, घोणसे घाट, माणगाव, मग मुंबई-गोवा हमरस्त्याने कोलाड आणि रोहे. हमरस्त्यावर ट्रक कानाशी ओरडत जातात. त्या टप्प्याबद्दल एवढे पुरे. रोह्याला रात्र काढून सकाळी केळघरचा घाट धरला आणि मला वाटले, आता खरा डोंगर.

हा रस्ता मुरूडकडे जातो, पण पर्यटकांची वर्दळ इथे येत नाही. दोन्ही अंगांना रान दाटत जाते. मी बहुतेक घाट पायीच चढलो, सायकल ढकलीत. आमचे वडीलही ढकलीतच चढायचे, आणि त्यांना त्याची कधी लाज वाटलेली मी पाहिली नाही. प्रत्येक वळणावर दादा उभा. एकदा त्याने बोट वर केले. उंच फांदीवर तांबूस, लांब झुपकेदार शेपटीचे शेकरू बसले होते. आमच्याकडे पाहून ते असे ओरडले, की जणू आम्हीच त्याच्या वाडीत शिरलो होतो.

घाटापलीकडे फणसाडचे अभयारण्य. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे राखीव रान. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, आणि 1986 साली सुमारे सत्तर चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. नवाबाने बंदुकीसाठी राखले म्हणून ते वाचले, ही मोठी गंमतच. गारंबीचे वेल इथे माणसाच्या मांडीएवढे जाड होऊन झाडावरून झाडावर जातात. रानातल्या पाणवठ्यांना इथले लोक 'गाण' म्हणतात. सुपेगावला वनखात्याच्या तंबूत उतरलो. आम्हाला वाट दाखवणारा पोरगा संध्याकाळी अशाच एका गाणीवर घेऊन गेला. पाणी काळे, निश्चल. दगडावर तिघे गप्प बसलो. सांबर येईल म्हणाला, आले नाही. पण तासभर कुणी कुणाशी बोलले नाही, आणि बोलायचे असेल तर आता, असे मला एकाएकी वाटले.

तंबूत परतल्यावर दिवा मालवून सांगितले. अंधारात सोपे जाते. इसार घेतला, गणपतीच्या आधी घेतला, तुला न विचारता घेतला.

बराच वेळ काही नाही. मग, "झोप. उद्या लांब जायचंय."

सकाळी तो माझ्याआधी निघाला. पहिल्या वळणावर पोचलो, दादा नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्या चढावर मी उतरलो नाही. का कोण जाणे, पण मी तो चढ बसून चढलो, छाती फुटेल असे वाटत असताना. वर कुणी नव्हते, नुसता रस्ता. सारा प्रवास ज्या माणसाच्या पाठीमागे केला तो पुढे दिसत नाही म्हटल्यावर रान एकदम मोठे वाटू लागले. मी किती चढलो आणि किती उतरलो, मला आठवत नाही.

साळावच्या अलीकडे एका पऱ्ह्याजवळ तो दिसला. सायकल उलटी करून ठेवलेली, मागचे चाक सुटे, ट्यूब मांडीवर. काटा घुसला होता. ठिगळ तयार होते, सोल्युशन लावून झाले होते, आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून रस्त्याकडे पाहत बसला होता.

"पंप तुझ्याकडे," तो म्हणाला.

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

मी पंप काढला. तो ट्यूब धरून, मी हवा मारून. दोनदा ठिगळ सुटले. तिसऱ्यांदा बसले. दोघांचे हात काळे. पऱ्ह्यात पाणी होते, तिथे धुतले, आणि सौभाग्यवतींनी दिलेले शेवटचे दोन लाडू खाल्ले.

मांडव्यापर्यंत आम्ही पुढे-मागे नाही, बाजूबाजूने गेलो. मागून मोटार आली की तेवढे एकामागे एक. बोट सुटायला वेळ होता. दादाने चहा आणला आणि कठड्याला टेकून विचारले, "किती घेतलास?"

"दोन लाख."

"त्यातले उरलेत किती?"

"सव्वा."

त्याने चहा संपवला. "पाऊण मी घालतो. सोमवारी जाऊन देऊन ये. आणि यंदाच्या पावसाळ्यात तू चल. पूर्वेच्या कडेला अजून वीस रोपांची जागा आहे. आधी खड्डे मारायला हवेत."

मी विचारले, सायकलनेच का? तो म्हणाला, पावसात घोणसे घाट बघितला नाहीस तू अजून.