तिसऱ्या हाकेच्या आधी

वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: सिनेमा नाही, ट्रेलर. नव्वद सेकंद. कॉलेजच्या प्रकल्पात आम्ही पाच जण आहोत. एक भालकीचा, एक हुमनाबादची, दोघं बीदर शहरातले आणि मी बीदरजवळच्या कोळारची. नुसता ट्रेलर म्हणजे काम वाचलं, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण जो सिनेमा कधी होणारच नाही, त्याचीही गोष्ट शेवटपर्यंत ठाऊक असावी लागते. नाहीतर लपवायचं काय, तेच कळत नाही.

*

गोष्ट बीदरच्या नौबादमधल्या सुरंग बावीत सापडली. शाळेच्या सहलीत आम्ही किल्ला पाहिला, महमूद गवानचा मदरसा पाहिला. ही जमिनीखालची पाण्याची वाट कुणी दाखवली नव्हती. पुस्तकात तिला कारेझ म्हणतात. बहामनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी तंत्राने खोदलेली. आमचं पठार वरून जांभ्याचं, सच्छिद्र. त्याच्याखाली काळा बसाल्ट, पाणी न पिणारा. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत उतरतं आणि काळ्या दगडावर येऊन थांबतं. त्या सांध्यालगत बोगदा खणला, त्याला अगदी हलका उतार दिला, की पाणी आपल्या पायांनी गावाकडे चालत येतं. मोट नको, रहाट नको. बोगदा दोन-तीन किलोमीटरचा आणि वरून अंतराअंतराने विहिरीसारखी उभी तोंडं, वीसच्या वर. खोदताना माती काढायला, आत हवा खेळायला, पुढे पाणी शेंदायला.

ती तोंडं नकाशावर एका रांगेत पाहिली आणि मला ट्रेलर दिसला. एक मुलगा पाण्याचं मोजमाप घ्यायला एका तोंडातून खाली उतरतो. वर येत नाही. पण त्याच्या बॅटरीचा उजेड पुढच्या तोंडातून दिसतो. मग त्याच्या पुढच्या. त्याची बहीण वरून, उजेडामागे, रानातून धावत राहते.

भालकीचा म्हणाला, ‘‘आणि मग?’’ मी म्हटलं, ‘‘हाच प्रश्न लोकांनी विचारावा, तेवढ्यासाठीच सगळा खटाटोप.’’

*

आत शूटिंग करायचं नाही. यावर वाद झाला, मी हटले नाही. गाळाचा अंदाज नाही, हवेचा भरवसा नाही आणि पाचशे वर्षांचं काम आहे ते. आमच्या नव्वद सेकंदांसाठी त्याचा एक दगडही हलता कामा नये. बाहेरची तोंडं लांबून, दिवसाउजेडी टिपायची. आतले शॉट आमच्या रस्त्याखालच्या मोरीत. एक माणूस वाकून जाईल एवढा सिमेंटचा नळ आहे. कडेला लाल माती लिंपली, पाणी मारलं, की बॅटरीच्या उजेडात जांभा वाटतो. करून पाहिलं. वाटतो.

*

परवानग्यांचं पान. किल्ला आणि अष्टूरचे मकबरे पुरातत्त्व खात्याकडे. तिथे चित्रीकरणाला रीतसर अर्ज, शुल्क आणि थांबण्याची तयारी लागते. आमच्याकडे यातलं काहीच नाही. ड्रोनचा विषय तर पहिल्याच दिवशी मिटला. बीदरला हवाई दलाचा तळ आहे, वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, दिवसभर डोक्यावरून विमानं जातात. इथे ड्रोन उडवायची गोष्टही काढायची नाही. बरंच झालं. उंचावरून सगळी तोंडं एका रांगेत दाखवली असती, तर उजेड कुठे निघणार हे आधीच कळलं असतं. बहिणीला जेवढं दिसतं तेवढंच बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.

*

अभ्यास म्हणून ट्रेलर पाहतोय. सगळ्यांत जास्त शिकवलं हिचकॉकच्या ‘सायको’च्या ट्रेलरने, १९६० चा. सहा मिनिटांहून लांब. त्यात सिनेमाचे प्रसंग जवळजवळ नाहीतच. हिचकॉक स्वतः त्या मोटेलमधून आणि घरातून हिंडतो, इथे असं झालं, तिथे तसं, म्हणत अर्ध्यावर वाक्य सोडतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो आणि आतली बाई किंचाळते. ती सिनेमातली नटी जॅनेट ली नाहीच. केसांचा टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. म्हणजे सिनेमातलं सगळ्यांत मोठं दृश्य त्याने दाखवल्यासारखं केलं आणि दाखवलं नाही.

दुसरा ‘एलियन’चा, १९७९. एकही संवाद नाही. एक अंडं, ते तडकतं, आणि मग पळापळ. माणूस काही सांगत नसला की आपण कान टवकारतो.

दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना हिचकॉकने टेबलाखालच्या बाँबचं उदाहरण दिलं होतं. बाँब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. तो टेबलाखाली आहे हे बघणाऱ्याला आधी कळलं, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. आमच्या गोष्टीत बाँब म्हणजे खालून वाढणारं पाणी. ते भावाला दिसत नाही, आपल्याला दिसतं. पंधराव्या सेकंदाला त्याच्या चपला ओल्या, तिसाव्याला पोटऱ्या. मध्ये कुणी त्यावर एक शब्द बोलायचा नाही.

*

आज्जीला विचारलं, तुला सगळ्यात घाबरवणारा सिनेमा कुठला? ‘‘पाठलाग.’’ राजा परांजपे यांचा, १९६४ चा. तोच पुढे हिंदीत ‘मेरा साया’ झाला, १९६६. आज्जीने गोष्ट एका वाक्यात सांगितली: बायको डोळ्यांदेखत मेली, मग कोर्टात उभी हाय ती कोण? साठ वर्षांनी आज्जीच्या तोंडात तो प्रश्न जसाच्या तसा आहे. नट विसरली होती, शेवटही नीट आठवेना, प्रश्न विसरली नाही. आमचाही प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे. सध्या असा: भाऊ पहिल्याच तोंडाशी बुडाला असेल, तर पुढे बॅटरी कोण नेतंय?

*

रंग. यावर आम्ही खूप दिवस घालवले. सगळ्या थ्रिलरांचा तो निळसर अंधार मला नको होता. शहरात बिदरीकाम चालतं तिथे जाऊन बसले. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवतात. तोवर भांडं नुसतं राखाडी, नक्षी नीट दिसतही नाही. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवून त्यात ते तापवतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदीला मात्र माती काही करत नाही. कारागीर तेवढ्यात भांडं पुसून समोर धरतो. आपल्याला वाटतं, रेघ आत्ता उगवली.

हाच आमचा उजेड. सगळं काळं, आणि ओल्या कडेवर एकच पांढरी रेघ: गालाची कड, दोराची कड, पाण्याची कड. दिवे वाढवायचे नाहीत, उलट काळी चादर टांगून उजेड अडवायचा. एक बॅटरी, थर्माकोलचा एक तुकडा. बीदरचा ट्रेलर बीदरच्या रंगात, याचा मला मनापासून आनंद आहे.

*

ऊस. बहीण धावते तो शॉट उसाच्या फडातून ठरला होता. ‘लपाछपी’ने (२०१७) उसाचं रान किती भीतीदायक होऊ शकतं ते दाखवलंय, दोन्ही बाजूंना भिंती, आणि त्या भिंती हलतात. आम्ही शॉटयादी केली, वाटेवर चुन्याच्या खुणा केल्या. गुरुवारी गेलो तर तोडीची टोळी आलेली, निम्मा फड आडवा, पाचट पेटलेलं. हुमनाबादची रडकुंडीला आली.

संध्याकाळी तिनेच उपाय काढला. अर्धा तुटलेला फडच घ्यायचा. बहीण उसातून धावत येते आणि एकदम उघड्यावर येते, लपायला काही नाही, समोर जळकं रान आणि मधोमध एक उजेड. आधीच्यापेक्षा चांगला शॉट. आठवडाभरात घ्यावा लागेल, उरलेला ऊसही जाणार.

*

एकाने सुचवलं, भूतकाळ दाखवायला १९४८ मधलं गोरटा घेऊ या, रझाकारांच्या वेळचं. नाही. त्या गावात ज्यांच्या घरची माणसं मारली गेली त्यांची नातवंडं आमच्या वयाची आहेत. त्यांचं दुःख आमच्या थरारासाठी वापरायचं नाही. त्यावर कुणी सिनेमा करावा, नक्की करावा. पण पूर्ण करावा, नव्वद सेकंदांचा नव्हे.

*

आवाज. कोळारच्या औद्योगिक वसाहतीत मामा रात्रपाळीला जातात. पाळी बदलायचा भोंगा आमच्या घरापर्यंत येतो. लहानपणापासून ऐकते, कधी ऐकला नव्हता. गच्चीवर फोन ठेवून तो घेतला. गती निम्मी केली तर जमिनीतून कुणीतरी कण्हतंय असं वाटतं. संगीत नकोच; भोंगा पुरे.

पाण्याचा आवाज: रिकाम्या रांजणात फोन सोडून कडेवर थेंब टाकले. श्वास: तोही रांजणात.

*

भाषा कुठली, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. आम्ही पाच जण बोलतो तशीच. खाली उतरताना मुलगा मजुराशी दखनीत बोलतो, बहिणीशी मराठीत, वरून ओरडणारा शेतकरी कन्नडमध्ये. उपशीर्षकं द्यायची. इथे एका चहाच्या टपरीवर तीन भाषा होतात. ट्रेलरमध्ये एकच ठेवली, तर बीदरचा माणूस पहिल्या सेकंदाला ओळखेल की हे खोटं आहे.

*

शेवट जमत नव्हता. उजेड विझतो, पाणी वर येतं, बहीण किंचाळते. सगळं करून पाहिलं, सगळं कुठेतरी पाहिलेलं.

रात्री दारात उभं राहून मी भावाला जेवायला हाक मारली. आतून आज्जी म्हणाली, ‘‘तिसऱ्या हाकंला ओ दे रे, आधी नको.’’ रात्री बाहेरून हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही; माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतो, दुसरं काही असेल तर मारत नाही. हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पाचही जणांच्या घरात, तिन्ही भाषांत.

म्हणून शेवट असा: काळा पडदा. खालून एक हाक. थांबायचं. दुसरी हाक. थांबायचं, पहिल्यापेक्षा जास्त. बहीण तोंड उघडते. ट्रेलर संपतो.

*

हाक आज्जीच्याच आवाजात घ्यायची ठरली. खालून भावाची हाक यायला हवी आणि येते ती म्हाताऱ्या बाईची, तेवढ्यानेच माझ्या अंगावर काटा आला. पात्राचं नाव आम्ही लिहून दिलं होतं. आज्जी रांजणाशी बसली, चष्मा लावला, कागद वाचला आणि परत दिला. ‘‘रातचं कुणाच्या लेकराचं नाव घिऊन न्हाई हाक मारायची.’’ उद्या सकाळी घेऊ, असं म्हटलं. तर म्हणाली, ‘‘सकाळच्या आवाजाला रातचा कस न्हाई.’’

मग तिने रांजणात तोंड घालून, नाव न घेता, नुसतं ‘‘लेकरा’’ म्हटलं. दोनदा. पात्राचं नाव आम्ही शॉटयादीतून खोडलं.