झाकलेली माती

थंड मुलखात वसंत म्हणजे गोठलेल्या मातीची सुटका. तिथे वाफे उकरून, माती मोकळी करून त्याचं स्वागत होतं. राहात्याचा वसंत निराळा. पर्जन्यछायेतल्या या भागात चैत्र-वैशाख पालवीचे, तसेच उन्हाच्या तडाख्याचेही महिने. म्हणून इथल्या परसबागेची वसंताची खरी तयारी माती झाकणं हीच आहे, असं मी ठामपणे म्हणेन. पांघरूण झाडंच पुरवतात. माघ-फाल्गुनात कडुनिंब पानं गाळतो, आणि आपण ती झाडून, ढीग करून काडी लावतो.

काळी माती सुकली की आकसते आणि भेगाळते. त्या भेगांत बारीक मुळ्या तुटतात, खोलवरची ओलही त्यांच्यातूनच उडून जाते. चार बोटं पाचोळा पसरला की ऊन थेट मातीला लागत नाही, आणि पुढे पावसाळ्यात त्याचंच खत होतं. याचा दाखला शोधायला तालुक्याबाहेर जायला नको. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तो हा उसाचा पट्टा. इथे खोडव्यात पाचट न जाळता सरीत ठेवलं की ओल टिकते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. एकरभर उसात जे खरं, ते अंगणातल्या पेरूच्या आळ्यात खोटं कसं ठरेल?

यावर आक्षेप निघतात, आणि ते पोकळ नाहीत. पाचोळ्यात विंचू-साप दडतात, वाळवी लागते, असं म्हणतात. तेव्हा थर पातळ ठेवावा, घराच्या भिंतीपासून दूर ठेवावा आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. राखही खतच ना? हो, राखेत पालाश असतो. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरातून निघून जातो. पेरूची किडकी फळं मात्र आळ्यात राहू देऊ नयेत. फळमाशीच्या अळ्या त्यांतूनच मातीत उतरतात, म्हणून अशी फळं वेचून खोल पुरावीत. मोगऱ्यालाही आधी पाण्याचा ताण आणि छाटणी हवी. खत-पाणी देऊन झाल्यावर त्याचं आळं झाकावं.

जवळच्या शिर्डीत साईबाबांनी जाई-झेंडूची बाग फुलवली, ती कच्च्या मडक्यांनी खांद्यावरून पाणी वाहून, असं साईचरित्र सांगतं. खांद्यावरून पाणी आणणाऱ्याला घागरभर पाण्याचं मोल कोणी शिकवावं लागत नाही. गोदावरीच्या कालव्यामुळे आणि नळामुळे आपला खांदा हलका झाला, पण पाणी काही वाढलं नाही. ते जपायचं तर ज्या कडुनिंबाचा कोवळा डहाळा पाडव्याला गुढीवर चढतो, त्याची जुनी पानं तेव्हा आळ्यात पसरलेली असावीत.