जुळ्या बहिणींमधला एक दिवस

"सर, माझ्या पोरी जुळ्या. दोघींत एक दिवसाचं अंतर कुठनं आलं?" 2018 साली दहावीच्या परीक्षेची यादी तपासायला आलेल्या एका पालकाने विचारले.

"मध्यरात्रीचा जन्म असेल," मी म्हणालो.

"दुपारी दोनला झाल्या की दोघी. मी हुतो दवाखान्यात."

कारकुनाला बोलावले. तो मान खाली घालून म्हणाला, "तुमचा संगणक दुसरीला घेतच नव्हता सर. तारीख एक दिवस पुढं केली, तवा घेतलं."

'तुमचा' हा शब्द लागला, कारण तो खरा होता. प्रवेशनोंदीचा फॉर्म 2006 साली मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये मीच केला होता. मी एम. ए. मराठीचा, रात्री जागून व्हिज्युअल बेसिक शिकलो, त्याचा ताठा होता. अ‍ॅक्सेसमध्ये कितीतरी सोयी आयत्या असतात. रकाना रिकामा सोडू न देणारा 'रिक्वायर्ड', तारखेला मर्यादा घालणारा 'व्हॅलिडेशन रूल', गाव ठरल्या यादीतूनच निवडायला लावणारा 'लिमिट टू लिस्ट'. (ही शेवटची सोय आमच्या भागात फार मोलाची. एकच येळ्ळूर इंग्रजीत मराठी कान एक लिहितो, कानडी कान दुसरे.) पण आयते घेणे मला कमीपणाचे वाटे. सगळे कोडात लिहिले. नोंद जतन होण्याआधी चालणाऱ्या 'बिफोर अपडेट'मध्ये अट घातली: आडनाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख जुळली की नोंद दुबार, म्हणून रद्द. जुळी मुले मला सुचलीच नाहीत.

शिवाय फॉर्ममधले कोड त्या फॉर्मपुरतेच. कोणी थेट टेबल उघडून लिहिले, तर ते झोपलेलेच. टेबलावर घातलेला नियम कुठूनही आलात तरी अडवतो, आणि अडवण्याचे कारण आपल्या शब्दांत सांगता येते. माझे कोड कारकुनाला वाचता येत नव्हते. खरे सांगायचे तर पुढे मलाही नीट येईना.

मुलीची तारीख प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून, यादी जाण्यापूर्वी दुरुस्त झाली. सुट्टीत मी बहुतेक कोड पुसून आयते नियम लावले. दुबार नोंदीची तपासणी तेवढी कोडातच ठेवली, कारण आयता नियम फक्त हो किंवा नाही म्हणतो, माणसाला विचारत नाही. आता फॉर्म विचारतो, "जुळी भावंडे आहेत का?" हो म्हटले की नोंद घेतो.

मग 2006 पासूनच्या नोंदींत एका दिवसाच्या फरकाची भावंडे शोधली. आणखी दोन जोड्या निघाल्या. त्यांचे दाखले केव्हाच हातात पडले होते. दोन्ही घरी मी स्वतः गेलो.