भीमेच्या काठी प्रल्हाद शिंदे

भालकीहून हुमनाबाद, वाटेत कमलापूरची लाल केळी, मग कलबुर्गी आणि पुढे गाणगापूर. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांना हा रस्ता पाठ आहे. लहानपणी मामांच्या जीपमध्ये एकच कॅसेट असायची, प्रल्हाद शिंदे यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांची. निघालो दत्ताला आणि ऐकतोय विठ्ठलाला! कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

यंदा खूप वर्षांनी गेले. संगमावर भीमेला अमरजा मिळते. पंढरपुरात जिला चंद्रभागा म्हणतात, तीच ही भीमा. दुपारी झोळी घेऊन माधुकरी मागणाऱ्यांच्या मागे मठाच्या गल्लीत शिरले, तर एका दुकानातून तोच मोकळा, चढा आवाज. दुकानदार गिऱ्हाइकाशी कानडीत हुज्जत घालत होता आणि गाणं मराठी चाललं होतं. पाय थांबलेच.

प्रल्हाद शिंदे 2004च्या जूनमध्ये गेले. आषाढी तोंडावर होती. आमच्या गावात घराच्या मागे बौद्धवाडा. त्या दिवशी तिथल्या लिंबावर भोंगा बांधला होता आणि सकाळपासून भीमगीतं चालू होती. एरवी चौदा एप्रिलला भोंगा लागला की आजी मागची खिडकी लावून घ्यायची. आज काय विशेष, म्हणून अप्पा विचारायला गेले. कळलं ते असं, की आषाढीला पहाटे आमच्या देवघरात जो आवाज लागायचा, तोच वर्षानुवर्षं त्या बंद खिडकीपलीकडे बाबासाहेबांची गाणी म्हणत होता. कव्वालीही तोच गायचा. आनंद आणि मिलिंद शिंदे यांची गाणी लग्नाच्या वरातीत वाजायची, ते त्यांचे मुलगे, एवढं अप्पांना ठाऊक होतं. बाकी काही नाही.

कुणीतरी बाज टाकली. अप्पा बसले, चहा प्याले, तासभर गाणी ऐकली. त्या घरांमध्ये ते पहिल्यांदाच बसले होते. तेव्हा अप्पांचं वय साठ होतं.

घरी आल्यावर आजी म्हणाली, "आधी अंघोळ कर." अप्पांनी अंघोळ केली, वाद घातला नाही. घातला असता तर मला बरं वाटलं असतं, हे आज लिहून टाकते. मात्र त्यानंतर खिडकी लावायला गेलेल्या आजीला ते म्हणाले, "राहू दे गं, ऐकतोय मी."

गाणगापूरच्या दुकानात मी गाणी पेन ड्राइव्हवर भरून घेतली. भीमगीतं विचारली, तर त्याच्याकडे नव्हती. परतताना कलबुर्गीत उतरून दोन-तीन दुकानं पालथी घातली, तेव्हा मिळाली. बस तेवढ्यात चुकली. अप्पांना फोन केला, उशीर होईल म्हणून. त्यांनी विचारलं, "दोन्ही मिळाली का?"