रविवार, सकाळी आठ वाजता

रविवारी सकाळी आठ वाजता तुमचा फोन वाजतो का? माझा वाजतो. आठवडाभर खराडीच्या ऑफिसात कॉल, डेडलाइन आणि बॉसचं 'क्विक सिंक' झेलून झाल्यावर माणसाला किमान रविवारी तरी दहापर्यंत झोपायचं असतं. पण नाही. आठ म्हणजे आठ. व्हॉट्सअॅपवर 'आपलं गाव' नावाच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज येऊन पडतो. सहा-सात मिनिटांचा. सुरुवात ठरलेली. "राम राम मंडळी, आज रविवार. सरपंच बोलायले."

माझं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गावाचं लिव्ह, नाव कामून टाकायचं?" भावकीच्या नात्यानं त्या माझ्या वहिनी. सातवीपर्यंत शाळा, मग लग्न, मग चौदा हंगाम ऊसतोड. 18 डिसेंबर 2022 ला राज्यभरात ग्रामपंचायतींचं मतदान झालं, त्यात त्या थेट जनतेतून सरपंच झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, महिला सरपंच म्हणजे कारभार नवऱ्याचाच! बरोबर. पहिले आठ-नऊ रविवार मेसेजही नवऱ्याच्याच आवाजात यायचा. "मी सरपंच बोलतोय" असं भाऊ बिनदिक्कत सांगायचे. 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत, पण खुर्चीवर बाईचं नाव आणि माइक नवऱ्याच्या हातात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. मी तर ग्रुप सरळ म्यूट करून टाकला होता.

एका रविवारी भाऊंना मुकादमाच्या हिशेबासाठी कारखान्यावर जावं लागलं. फोन घरी राहिला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा वहिनी बोलल्या. अडखळत, मध्येच कुकरची शिट्टी. पण त्यांनी जे सांगितलं ते भाऊंनी कधी सांगितलं नव्हतं. टाकी किती वेळ भरली, कुणाच्या गल्लीत पाणी गेलं नाही, मोटर दुरुस्तीला किती रुपये लागले, ते कोणत्या खात्यातून दिले. शेवटी, "चुकलं असंल तर सांगा." पुढच्या रविवारी भाऊ परत आले होते, तरी मेसेज वहिनींचाच आला. घरात काय झालं असेल ते घरच्यांनाच ठाऊक!

हे सगळं मला अप्पांनी सांगितलं. अप्पा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. आई गेल्यापासून गावात एकटेच राहतात. 'पुण्याला चला' हा माझा हट्ट, 'बघू' हे त्यांचं उत्तर. फोनवर आमचं बोलणं म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. पण वहिनी बोलायला लागल्यापासून अप्पा दर रविवारी सव्वाआठला फोन करायला लागले. "ऐकलं का गं?" मी नाही ऐकलं म्हटलं की हिरमुसायचे. शेवटी म्यूट काढला.

आणि काय सांगू, सवयच लागली. 2023 मध्ये पावसानं दगा दिला. सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा धारूर होता, वडवणी आणि अंबाजोगाईही होते. 2024 च्या उन्हाळ्यात वहिनींचा अर्धा मेसेज टँकरच्या खेपांचा असायचा. किती मंजूर, किती आल्या, कोणती खेप कुठल्या विहिरीत ओतली. एका रविवारी त्या म्हणाल्या, "गुरुजींनी आपल्या बोरचं पाणी शाळंच्या लेकरांना दिलंय, त्यांचं आभार." अप्पांनी मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. वडिलांची खबर मला सरपंचांकडून कळली! त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतही टँकर येत होते. चारशे फ्लॅट, स्विमिंग पूल, जिम. टँकर किती, कितीला, कुठून... कुणाला माहीत नाही. मेंटेनन्समधून कापलं जातं, विषय संपला.

पण त्या मेसेजचा खरा भाग शेवटचा असतो. दसरा उलटला की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. एक जोडपं म्हणजे एक कोयता. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी थेट कर्नाटकात. परतायचं ते पाडव्याच्या आसपास. म्हणजे सरपंचांचे निम्मे मतदार वर्षातले पाच-सहा महिने गावातच नसतात. मग ग्रामसभेला येणार कोण? 26 जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा घरोघरी म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं, एवढंच गाव.

वहिनींनी हे भोगलेलं. म्हणून दिवाळीनंतरच्या प्रत्येक मेसेजला एक शेपूट असतं: "आता फडावरच्यांसाठी." मग अमक्याच्या आईचा बीपी तपासला, तमकीचं लेकरू हंगामी वसतिगृहात जेवायलंय, शाळा बुडवत नाही, घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव आलं, कोणत्या कागदावर अंगठा राहिला. 2024 मध्ये 'लाडकी बहीण' सुरू झाली, तेव्हा कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही तेही. पहाटेपासून ऊस तोडून, मोळ्या बांधून, ट्रॉली भरून थकलेली माणसं कोपीत बसून हा मेसेज ऐकतात. एकाच्या फोनवर आठ-दहा जण. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, मी आणि ते एकाच ग्रुपमध्ये आहोत. गाव सोडलेले. फक्त माझ्या उचलीला ऑफर लेटर म्हणतात!

राजकारणी लोकांशी बोलतात, त्यात नवं काय, असं वाटेल. 'मन की बात' 2014 पासून महिन्याला येतेच. आमच्या जिल्ह्याला तर बोलणाऱ्या पुढाऱ्यांची मोठी परंपरा. 1967 ला क्रांतिसिंह नाना पाटील बीडमधून खासदार झाले. गोपीनाथ मुंडे परळीजवळच्या नाथ्र्याचे. 3 जून 2014 ला दिल्लीतल्या अपघातात ते गेले, तेव्हा केंद्रात ग्रामविकासमंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. त्यांच्या सभेला माणसं मैलोन्‌मैल चालत जायची, हे अप्पा अजून सांगतात. पण सभेत पुढारी बोलतो ते पुढचं. काय करणार, काय आणणार. वहिनी बोलतात ते मागच्या सात दिवसांचं. हा फरक लहान नाही.

आता ज्या रविवारसाठी हे लिहायला बसले, तो सांगते.

9 डिसेंबर 2024, सोमवार. शेजारच्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून निर्घृण खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे झालं, असं सीआयडीच्या आरोपपत्रात पुढे आलं. त्या आठवड्यात ऑफिसात जो तो मला विचारत होता, "तू बीडची ना? तुमच्याकडे काय चाललंय?" मी हसून टाळत होते. कॅन्टीनमध्ये कुणी 'बीडचं बिहार' म्हणालं, तेव्हा डबा बंद करून उठले.

15 डिसेंबरचा रविवार. आठ वाजले. सव्वाआठ. मेसेज नाही. साडेआठला मीच अप्पांना फोन लावला. "नाही आला," एवढंच म्हणाले. नऊला परत लावला. म्हणाले, "वाड्यात सगळे ठीक आहेत. पण आज बोलायच्या नाहीत." फडावरून अप्पांना तीन फोन येऊन गेले होते. सरपंच का बोलल्या नाहीत? दीड वर्षात पहिल्यांदा मला माझ्या गावाची भीती वाटली, आणि पहिल्यांदाच कळलं की मी त्या आवाजावर किती विसंबून होते. तो आवाज म्हणजे माझ्या वडिलांच्या गल्लीत सगळं सुरळीत आहे याची पावती होती.

22 डिसेंबरला बरोब्बर आठला फोन वाजला. "राम राम मंडळी, आज रविवार. मागल्या रविवारी बोलले न्हाई. भ्या वाटलं. घरचे म्हनले, गप बस, बाईमाणूस हायेस. पन मोटरीचं बिल मग सांगायचं कुनी? तर बिल झालं..." आणि पुढे नेहमीसारखं.

मी उठून बाल्कनीत गेले आणि वहिनींना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

"कोन? गुरुजींची पोरगी? काय गं, काय काम काढलं?"

"काही नाही वहिनी. मी दर रविवारी ऐकते, एवढंच सांगायचं होतं."

त्या हसल्या. "नुसतं ऐकून काय करतीस? शिकलेली हायेस. हिशेबात चुकलं तर सांगत जा की!"

घ्या! मी भावुक झालेले आणि त्यांनी मला कामाला लावलं. पण खरंच लावलं. 'ई-ग्रामस्वराज' नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल 2020 पासून आहे. कोणत्याही ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च झाला ते तिथे कुणालाही बघता येतं. दिवसभर दुसऱ्यांच्या एक्सेल शीट तपासणाऱ्या मला हे माहीतही नव्हतं. बसले एका शनिवारी. आणि सापडली चूक! नालीच्या कामाचा आकडा वहिनींनी दोन लाख ऐंशी हजार सांगितला होता, पोर्टलवर दोन लाख आठ हजार. सांगू की नको? दोन दिवस विचार केला. बाई जीव मुठीत धरून बोलतेय आणि मी एसीत बसून चुका काढतेय... शेवटी सांगितलं.

पुढचा रविवार: "नालीचा आकडा मी चुकीचा वाचला. दोन लाख आठ हजार हाय. गुरुजींच्या पोरीनं पुण्याहून चूक दावली." अप्पांचा फोन सव्वाआठऐवजी आठ-दहालाच! रागावले असतील म्हणून मी गप्प. तर म्हणाले, "जरा आधी मला विचारायचंस. पण... बरं केलंस."

त्यानंतर बरंच घडलं. 17 सप्टेंबर 2025 ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे धावली. 261 किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाचं नाव ऐकत माझी अख्खी पिढी मोठी झाली, प्रत्येक भाषणात ती 'लवकरच' यायची. अप्पा पन्नाशीत असताना मागणीच्या मोर्चात गेले होते. वहिनींनी त्या रविवारी सांगितलं, "रेल्वे आली. आपन आनली न्हाई, पन आली." काम आपलं नसताना फलक लावणाऱ्यांच्या जगात हे वाक्य मी सेव्ह करून ठेवलंय.

आणि इकडे पुण्यात? मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आमच्या सोसायटीत ते किती जणांच्या लक्षात आलं, देव जाणे. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. त्याआधी एक उमेदवार आमच्या क्लबहाउसमध्ये आले. ड्रोन शूट, रील, सगळं जोरात. मी हात वर केला. "निवडून आलात तर दर रविवारी सात दिवसांचा हिशेब सांगाल?" ते गोड हसले. म्हणाले, "मॅडम, आपण नक्की कनेक्टेड राहू." मग सगळ्यांबरोबर सेल्फी झाला.

वहिनींची मुदत अजून आहे. पुढच्या वेळी आरक्षण कुठलं पडेल, त्या उभ्या राहतील का, कुणी सांगावं. तोवर माझा रविवार आठलाच सुरू होतो. चहा ठेवते, मेसेज लावते, कागदावर आकडे टिपते. दोन शिट्ट्या त्यांच्या कुकरच्या, एक माझ्या.

आणि मग अप्पांचा फोन. "ऐकलं का गं?"

ऐकलं, अप्पा. मोटरीचं बिल जास्त वाटतंय. बघते.