गरम वारा घेणे आहे

आमच्या घरात दोन प्रकारच्या वस्तू आहेत. एक, बिघडलेल्या, आणि दुसऱ्या, मी दुरुस्त केलेल्या. या दोहोंत फारसा फरक नसतो, असं आमच्या हिचं मत आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं डाग दिले. म्हणजे कपड्यांना नव्हे, सर्किटांना. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न हातात असली की जगात काहीही जोडता येतं, अशी माझी समजूत होती.

ती आत्याच्या रेडिओने घालवली.

आत्या नव्वदीची. दृष्टी जवळजवळ गेलेली. पण त्या रेडिओची बटणं तिच्या बोटांना पाठ. पहाटेपासून आकाशवाणी आणि ती एकमेकींशी बोलत असतात. तो बंद पडल्यावर मी नवा आणून दिला, तर तिने तो चाचपला आणि "याला नाकडोळेच नाहीत रे," म्हणून परत केला. जुना बंद कशाने पडला? चुकीचा अडॅप्टर लावल्याने. कोणी लावला? जाऊ द्या.

रेडिओ उघडला आणि घाम फुटला. आमच्या काळी पार्टांना तारेचे पाय असत, ते बोर्डाच्या भोकातून खाली उतरत. आता सगळी मंडळी बोर्डाला वरच्यावर चिकटलेली. एकेक रेझिस्टर दीड मिलिमीटर लांब नि पाऊण मिलिमीटर रुंद. खसखशीचा थोरला, तिळाचा धाकटा. जळला होता आवाज वाढवणारा, आठ पायांचा आयसी. आयर्नने एक पाय सोडवावा तर सात धरून बसतात. आठव्याकडे जावं तोवर पहिला पुन्हा चिकटतो. भाऊबंदकीच ती! आठही एकदम सुटायला हवी गरम हवा.

आधी हिचं केस वाळवायचं यंत्र लावलं. पण कथील-शिशाचा डाग 183 अंशांशिवाय पाघळत नाही आणि शिसं नसलेला तर 217 पर्यंत दाद देत नाही. रेडिओ नुसता वाळला. मग शेजारच्या रंगाऱ्याकडून रंग खरवडायची दोन हजार वॅटची गन आणली. डाग पाघळले. त्याबरोबर तीन रेझिस्टरही उडाले. दोन सापडले. तिसऱ्यासाठी हिने काढलेला केर आम्ही चाळणीने चाळला.

"अहो, नक्की काय शोधतोय आपण?" ही म्हणाली.

"तिळापेक्षा लहान, काळं."

"मग ते मुंगीने नेलं असेल."

एम. जी. रोडवर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने तो रेझिस्टर भंगार बोर्डावरून काढून दिला आणि वर ज्ञानही दिलं. "काका, रिवर्क स्टेशन घ्या." नाशिककराला स्टेशन म्हटलं की नाशिकरोड आठवतं आणि रिक्षाचं भाडं आठवतं. हे स्टेशन टेबलावर मावतं, म्हणे. त्याच्यात दोन जाती. एकीत पंप डब्यात. झोत बारीक पण जोरकस, मिनिटाला वीसबावीस लिटर. दुसरीत पंखा मुठीत. वारा पुष्कळ, पण मऊ.

आता यातलं कुठलं? माझा ओढा अर्थातच ज्यावर मोठा आकडा लिहिला असेल त्याकडे. घरी मोठ्याने 480 अंश, 700 वॅट असं वाचत बसलो होतो, तेव्हा आत्या म्हणाली, "विस्तवाचं काय सांगतोस? भाता कसा आहे ते बघ."

आत्याचं बालपण तांबट आळीतलं. कल्हईवाला पुढ्यात बसून पाहिलेला. तो म्हणे विस्तवाकडे बघतच नसे. त्याचा जीव भात्यावर. नवसागर टाकला, धूर निघाला, की वारा कमी, कथील फिरव, कापसाने पूस. वारा ज्याच्या हातात त्याच्या हातात भांडं.

दुसऱ्या दिवशी मी खिशात तिळाची पुडी घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर चिमूटभर तीळ मांडले आणि म्हटलं, "याच्यावर सर्वांत कमी वारा सोडा." दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग तिळांकडे पाहिलं. पहिल्या यंत्राने तीळ एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर गेले. दुसऱ्याचं वाऱ्याचं बटण फिरे, पण वारा फिरत नसे. शिवाय बंद करताच त्याचा पंखाही थांबला. अशाने आतला हीटर आपल्याच उष्णतेने मरतो. तिसऱ्याने, मुठीत पंखा असलेल्याने, तीळ जागच्या जागी भाजले. दुकानात भर श्रावणात संक्रांतीचा वास सुटला. बंद केल्यावरही ते गार होईपर्यंत फुंकत राहिलं. प्लगला अर्थिंगची तिसरी पिन होती, जादा हीटर मिळत होता. घेतलं. किंमत रेडिओच्या चौपट. हिला मी निमपट सांगितली.

चार दिवस जुन्या सेट-टॉप बॉक्सवर हात बसवला. पाचव्या दिवशी फ्लक्स लावला (नवसागराचीच ही नात), 330 अंश ठेवले, वारा कमी, आणि झोत गोल गोल फिरवला. आठही डाग एकदम चमकले. चिमट्याने आयसी असा उचलला, जसा दुधावरचा केस!

नवा बसवताना मात्र हात थरथरला; वय काही लपत नाही. आयसी वाकडा पडला. पण डाग पाघळले आणि त्या वितळलेल्या कथलाने स्वतःच्या ताणाने त्याला हळूच ओढून सरळ जागेवर बसवलं. मी काहीच केलं नव्हतं.

संध्याकाळी रेडिओ बोलला. आत्याने बटणांवरून बोटं फिरवली, आवाज वाढवला, कमी केला.

"छान झालाय," ती म्हणाली. "फक्त त्याची पिन यापुढे मीच लावत जाईन."